रोमन चेहऱ्याचा हबशी

सन १६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी दख्खनमध्ये फिरत होता. व्यापाराच्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून तो निजामशाहीच्या छावणीत गेला आणि तिथे त्याने मलिक अंबरला जवळून पाहिले. त्याने आपल्या नोंदींत या माणसाचे वर्णन करून ठेवले आहे. माणूस ॲबिसिनियातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. रंगाने काळा, उंच, अंगाने दणकट. आणि चेहरा कसा, तर रोमन माणसासारखा करडा.

मला या वर्णनाची मोठी गंमत वाटते. युरोपातल्या त्या व्यापाऱ्याला सेनापतीचा चेहरा म्हटल्यावर रोमनच आठवला. सीझर, सिपिओ, फेबियस यांच्या गोष्टी त्याच्या मुलखात घरोघरी. दख्खनच्या पठारावर एक हबशी गुलाम पन्नास हजारांची फौज बाळगून दिल्लीच्या बादशहाला झुंजवतो आहे, हे पाहिल्यावर त्याला आपल्याकडची तीच एक मोजपट्टी सापडली. आपल्याकडे मात्र या माणसाला कोणती मोजपट्टी लावायची हे अजून ठरलेले नाही. मोगलांचा शत्रू म्हणून तो थोडा जवळचा, मुसलमान म्हणून थोडा लांबचा, हबशी म्हणून आणखी लांबचा. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. तिथे मलिक अंबर दीड पानात आटोपला होता, आणि त्यातले एक पान लढायांचे होते.

मी मुठा खोऱ्यातला माणूस. पुण्याखालच्या बारा मावळांतले हे एक मावळ. भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि जून ते सप्टेंबर एवढा पाऊस की माणसाने घराबाहेर पडायचा विचार करू नये. इथे कोणाला मलिक अंबर विचारला तर फारसे कोणी सांगणार नाही. पण शेताविषयी बोलताना आमचे लोक रोज जे शब्द वापरतात, त्यांच्यामागे जी व्यवस्था आहे, तिच्या पायात या माणसाने बसवलेले दगड आहेत. त्याच्या तलवारीविषयी थोडे बोलून मला आज त्या दगडांकडे यायचे आहे.

त्याचा जन्म १५४८च्या सुमारास झाला. मूळचे नाव चापू असे सांगतात. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रावरचे मोखा बंदर, तिथून बगदाद, तिथून दख्खन असा त्याचा प्रवास झाला. मधल्या एका मालकाने, मीर कासीमने, त्याला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे ते मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशीच नावे ठेवण्याची रीत होती. मालाला मालाचे नाव, असेच म्हणायचे.

अहमदनगरला त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. आणि हा चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम! त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते. दख्खनमधली ही गुलामी आपण नंतरच्या अमेरिकेतल्या गुलामीवरून ओळखू गेलो तर फसगत होईल. उसाच्या मळ्यात राबवायला हे लोक आणलेले नव्हते. घोड्यावर बसवायला, किल्ला राखायला आणले होते. नात्यागोत्याचा माणूस उद्या फितूर होईल, पण ज्याला इथे कोणीच नाही तो धन्यालाच धरून राहील, असा हिशेब त्यामागे होता. धनी मेला की पुष्कळदा गुलाम मोकळा व्हायचा आणि तलवार घेऊन स्वतःची वाट शोधायचा. १५७५च्या आसपास चंगीझखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. म्हणून गुलामी काही गोड ठरत नाही. आईबापांपासून तोडून आणलेल्या त्या पोराने पुन्हा आपला मुलूख पाहिला नाही.

पुढची वीस वर्षे तो कधी इकडे, कधी विजापूरकरांकडे शिलेदारी करत राहिला. ‘मलिक’ हा किताब विजापूरचा. १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, चांदबिबीने तो किल्ला झुंजवला, आणि १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेल्यावर अहमदनगर पडले. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. सगळ्यांनी निजामशाही संपली असे धरले होते. त्या वेळी बावन्न वर्षांच्या या माणसाने परांड्याला निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली, आणि संपलेले राज्य पुढे सव्वीस वर्षे चालवून दाखवले. काही काळ राजधानी आमच्याच जिल्ह्यात, जुन्नरला होती. पुढे दौलताबाद, आणि १६१० मध्ये त्याने वसवलेली खडकी. बावन्न हे वय मी मुद्दाम सांगितले. माझ्या वयाच्या लोकांनी ते ऐकावे.

आता त्याची लढण्याची तऱ्हा. इथे एका खऱ्याखुऱ्या रोमन सेनापतीची गोष्ट सांगतो, कारण ती अंबरला फार जवळची आहे. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये हॅनिबलने इटलीत उतरून ट्रासिमीन सरोवराच्या काठी रोमन फौज कापून काढली. रोमने घाबरून सगळे अधिकार फेबियस मॅक्सिमस या वयस्क माणसाच्या हाती दिले. फेबियसने काय केले, तर लढाईच दिली नाही. हॅनिबल मैदानात उतरला की हा डोंगरावर. तो पुढे सरकला की हा मागोमाग, पण हाताला लागणार नाही इतका लांब. दाणावैरण तोडायची, चुकार टोळ्या गाठून मारायच्या, शत्रूला दमवायचे. रोमचे लोक वैतागले. त्यांनी त्याचे नावच ‘कुंक्टेटर’ पाडले, म्हणजे चालढकल करणारा. त्याला बाजूला सारून दुसऱ्या वर्षी समोरासमोर लढले, तेव्हा कॅनीच्या मैदानावर एका दिवसात हजारो रोमन मेले. मग पुन्हा फेबियसची वाट धरली.

फेबियसचे नाव अंबरने ऐकले असेल असे मला वाटत नाही. त्याची गरजही नव्हती. समोर अवाढव्य फौज आणि आपल्या पाठीशी डोंगर असला की शहाण्या माणसाला हेच सुचते. मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर. हत्ती, तोफा, तंबू, बाजार, बायका, बुणगे. हे सगळे रोज खाते. अंबरने या पोटावर नेम धरला. हलक्या घोड्यांवरचे मराठे आणि हबशी स्वार, पाठीवर आठवड्याचा शिधा, मुक्काम कुठे याचा ठिकाणा नाही. बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे अडवायचे, चाऱ्याला गेलेली जनावरे पळवायची, रात्री छावणीच्या कडेने आरडाओरड करून कोणाला झोपू द्यायचे नाही. १६१०च्या सुमाराचा इंग्रज प्रवासी विल्यम फिंच त्याच्याकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे सांगतो. या चाळीस हजारांत मराठे किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. वेरूळच्या भोसल्यांपासून सिंदखेडच्या जाधवरावांपर्यंत मोठमोठी घराणी कधी ना कधी निजामशाहीत होती. त्यांतली काही मधूनच मोगलांकडे जात आणि परत येत, हेही सांगायला हवे. १६१६ मध्ये अशा फुटीमुळेच रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळून टाकली. त्याने ती पुन्हा उभी केली.

त्याची सर्वांत नावाजलेली लढाई भातवडीची, १६२४ची. अहमदनगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून, ती जागा लांब नाही. मोगल आणि विजापूरकर एक झाले होते आणि दोघांची फौज अंबरवर चालून आली होती. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल. तोफा रुतल्या, जनावरे रुतली, दाणागोटा भिजला. मग रात्रीचे छापे. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला आणि मोगलांचे मोठमोठे सरदार कैद झाले. या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी होते. शरीफजी तिथेच पडले. मालोजीराजांनी ही दोन्ही नावे नगरच्या शहा शरीफ या पीरावरून ठेवली, अशी परंपरा आहे. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारत’ लिहिले ते शिवाजी महाराजांसाठी, तेही संस्कृतात. त्यात भातवडीची लढाई आहे आणि मलिक अंबरच्या पराक्रमाचे गुणगान आहे. छत्रपतींच्या दरबारच्या कवीला जे म्हणताना अवघड वाटले नाही, ते आजच्या वक्त्यांना का वाटावे, हे मला कळत नाही.

जहांगीर बादशहाला हा माणूस किती बोचत होता याचा एक पुरावा आज डब्लिनमध्ये, चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अबुल हसन या चित्रकाराने काढलेले चित्र. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिराला बाण मारतो आहे. शीर प्रत्यक्षात कधीच हाती लागले नाही, म्हणून कागदावर मारले. चित्रात मारलेल्या त्या अंबरनंतर खरा अंबर आणखी दहा वर्षे लढला. आणि तो मेल्यावर जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमीदखानाने लिहिले की युद्धात, सरदारीत आणि कारभारात याला जोड नव्हती. शत्रूच्या दरबारातून आलेले हे प्रमाणपत्र आहे.

इथवर सांगितलेले थोड्याफार फरकाने पुस्तकांत सापडते. आता शेताकडे येतो.

लढाई पैशावर चालते आणि त्या काळी पैसा म्हणजे शेतसारा. निजामशाहीत तोवर मक्त्याची पद्धत बोकाळली होती. एखाद्या परगण्याचा वसूल लिलावाने जो जास्त देईल त्याला द्यायचा. त्याने सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे ओरबाडायचे. मक्तेदाराला पुढच्या वर्षी जागा मिळेल की नाही याची खात्री नाही. म्हणजे झाड वाढवण्यात त्याला रस नाही, फांद्या तोडण्यातच आहे. सततच्या लढायांनी गावे ओस पडलेली. अशा वेळी राज्य हाती आलेल्या सेनापतीने मक्ते वाढवून पटकन पैसा उभा केला असता तर कोणी नवल मानले नसते. अंबरने उलटे केले. त्याने मक्ते मोडले.

ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो साताऱ्याला राहिला होता, जुन्या लोकांशी बोलला होता. त्याने आणि पुढच्या अभ्यासकांनी या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे ते साधारण असे. वसुलीचे काम माहितगार ब्राह्मण कारकुनांकडे, वर देखरेखीला मुसलमान अंमलदार. गाव हे एकक. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी जी गावाची घडी विस्कटली होती ती पुन्हा बसवायची. जमिनीची प्रत पाहायची. आणि मुख्य म्हणजे धारा मनाने ठरवायचा नाही. आधी काही हंगाम प्रत्यक्ष आलेल्या पिकातूनच सरकारचा भाग धान्यात घ्यायचा, असे करत करत त्या गावाची ताकद किती हे कळले की मग त्याचे रोख रकमेत रूपांतर करायचे. तीही रक्कम त्या वर्षी लागवड किती झाली हे बघून. धान्यात दोन-पंचमांश आणि रोखीत सुमारे एक-तृतीयांश असा हिशेब सांगितला जातो.

पाच पायल्यांतल्या दोन पायल्या. हा काही हलका भाग नाही. अंबरला रयतेचा कनवाळू वगैरे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. त्याला फौज पोसायची होती. पण पाचातल्या दोन, आणि त्या पाच खळ्यावर डोळ्यांदेखत मोजलेल्या, यात आणि मक्तेदार सांगेल त्या आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी पाच नसतात, दोनच असतात. मग सरकारही त्या दोनांतूनच घेणार. भाताचे खाचर असणाऱ्या माणसाला या एका गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याची किंमत कळण्यासाठी थोडे पुढे जातो. पेशवाई बुडाल्यावर १८२८च्या सुमारास प्रिंगल नावाच्या हुशार इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. विलायतेतले नवे अर्थशास्त्र शिकून आलेला हा गृहस्थ. एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करायचा, उरेल त्याच्या ठरावीक हिश्श्याला सारा म्हणायचे, अशी त्याची कागदावर बिनतोड योजना. आकडे गोळा करणारे हाताखालचे लोक मात्र लाचखाऊ, आणि बाजारभाव पडलेले. सारा इतका जड झाला की रयत जमिनी टाकून निघून गेली. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सगळे नव्याने मोजायला घेतले. दोनशे वर्षांपूर्वी एका हबशाने जे केले होते, म्हणजे आधी पीक पाहा आणि मग आकडा लिहा, ते न केल्याने साहेबाची पाहणी फसली.

मधल्या काळात पुण्याचे काय झाले? अंबर १६२६च्या मे महिन्यात गेला. त्याचा मुलगा फत्तेखान बापाच्या जोडा उचलण्याच्याही लायकीचा नव्हता, असे माझे मत. चार वर्षांत, १६३० मध्ये, विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले, गाढवांचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. त्याच सुमाराला दोन वर्षांचा भीषण दुष्काळ. १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली आणि पुणे प्रांत शहाजीराजांच्या मोकाशात राहिला, तो विजापूरकरांच्या नावाने. दादोजी कोंडदेवांनी तिथे कारभार हाती घेतला तेव्हा मावळात माणसापेक्षा लांडगे जास्त होते, आणि लांडगा मारून आणणाऱ्याला बक्षीस ठेवावे लागले. पडीक जमीन उठवणाऱ्याला कौल दिला. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा थोडा चढता. याला इस्तावा म्हणत. आणि जमीन उठल्यावर पूर्ण धारा कोणता लावायचा? तर मलिकंबरी. जुन्या कागदांच्या अभ्यासकांत हा शब्दच रुळून गेला आहे. म्हणजे मुठा खोऱ्यात, मोसे खोऱ्यात, पौड खोऱ्यात ज्या वेळी ओसाड खाचरांना पुन्हा बांध घातले जात होते, जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे पुण्यात राहायला आले होते, त्या वेळी जमिनीचा हिशेब दहा वर्षांपूर्वी मेलेल्या हबशाच्या रीतीने होत होता. पुढे महाराजांनी अण्णाजी दत्तोंकडून काठीने मोजणी करून स्वतःची व्यवस्था बसवली, वतनदारांना वेसण घातली. ती अंबरच्या पुढची पायरी. पण पायरी खालच्या पायरीवरच बसते.

इथे थोडे शब्दांविषयी. कवी माणूस आहे, शब्दांशिवाय राहवत नाही. रयत, जमीन, महसूल, मिरास, हद्द, वतन, इनाम, तगाई. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले. जिरायत आणि बागाईत हेसुद्धा. त्यांच्या शेजारी खाचर, वरकस, शिवार, बांध, खळे, पायली हे आपल्या मातीतले. आमच्या खोऱ्यातला म्हातारा बांधावर बसून ‘मिरासीची जमीन हाय’ म्हणतो, तेव्हा अर्धे वाक्य अरबस्तानातून आलेले असते आणि अर्धे मुळेच्या-मुठेच्या काठचे. त्याला सांध दिसत नाही. निजामशाहीच्या कागदांतही फारसी आणि मोडीतली मराठी शेजारी शेजारी असत. मराठीत कागद लिहिले कारण ते वाचणारा पाटील-कुलकर्णी मराठी होता. राज्य चालवायचे तर रयतेच्या भाषेला पर्याय नसतो, हे इथिओपियात जन्मलेल्या माणसाला कळले होते.

मी मुलाण्याच्या घरातला. गावगाड्यात मुलाणाही बलुतेदार. अंबरने जी गावाची घडी पुन्हा बसवली म्हणतात, तिच्यात महार, मांग, सुतार, लोहार, गुरव यांच्याबरोबर एक पेंढी मुलाण्याचीही होती. माझे आजोबा सुगीला खळ्यावरून भात आणत, ते मी पाहिले आहे. त्या घडीत जातीची उतरंड होती आणि ती कोणी मोडली नाही, अंबरनेही नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण गावाच्या खळ्यावर आपला वाटा आहे, हे माहीत असलेल्या घरात मी वाढलो. म्हणून एकदा एका कविसंमेलनात सूत्रसंचालकाने माझी ओळख करून देताना ‘मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी’ असे म्हटले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला राग येण्याऐवजी त्या ‘असूनही’चे आश्चर्यच वाटले. त्या ‘असूनही’मधूनच मलिक अंबरकडे पाहिले जाते. हबशी असूनही शूर, मुसलमान असूनही मराठ्यांचा आधार, गुलाम असूनही मुत्सद्दी. त्याच्या पदरी असलेल्या स्वारांनी त्याला असे ‘असूनही’ लावून पाहिले असेल असे वाटत नाही. त्यांना वेळेवर पगार आणि लढाईत डोके शाबूत असलेला धनी हवा होता.

आता दुसऱ्या बाजूने आमच्यातले काही लोक त्याला पीर-अवलिया करायला निघतात, त्यांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ज्याला आपली मुलगी दिली तो सुलतान मुर्तजा डोईजड होऊ लागला, तेव्हा १६१० मध्ये त्याला विषप्रयोग झाला आणि त्यामागे अंबरचाच हात होता असे मानतात. त्याच्या जागी आला एक लहान पोर. राजू दख्खनी हा मोगलांविरुद्ध लढणारा दुसरा मातबर सरदार, तोही अंबरने संपवला. आणि भातवडीनंतर तो विजापूरवर गेला तेव्हा इब्राहीम आदिलशहाने हौसेने वसवलेले नौरसपूर त्याने लुटून उद्ध्वस्त केले. नौरस म्हणजे नवरस. संगीतावर जीव टाकणाऱ्या राजाने नऊ रसांच्या नावाने वसवलेले ते गाव. ते लुटणारा माणूस मला कवी म्हणून कसा आवडेल? सेनापती म्हणून त्याचा हिशेब बरोबर असेल. माझा नाही.

त्यापेक्षा त्याचे पाणी मला जास्त जवळचे वाटते. खडकी हे नावच सांगते की तो मुलूख खडकाळ. तिथे त्याने फौजेचे शहर वसवायचे ठरवले. पाणी कुठून आणणार? उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याला जमिनीखालून वाहणारे पाणी अडवून, ते जमिनीखालच्याच चुनेगच्ची नळातून शहरात आणले. उपसा नाही, रहाट नाही. उतार असा साधला की पाणी आपोआप चालत यावे. मधे मधे हवा खेळती राहायला आणि आत उतरून गाळ काढायला उभी भोके ठेवली. हीच नहर-ए-अंबरी. पुढे त्या शहरात याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्की ज्या नहरीवर फिरते ती त्यांतलीच एक. आमच्या मुठा खोऱ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. पावसाळ्यात पाण्याचे काय करावे कळत नाही आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन उतरणीने चालतात. अलीकडे टेमघरला धरण झाले, त्याचे पाणी खाली खडकवासल्यामार्गे पुण्याला जाते. पाणी जमिनीखालून न्यावे म्हणजे ऊन ते खात नाही, आणि त्याचा तोल उतारावर सोपवावा, हे चारशे वर्षांपूर्वी ज्याला सुचले तो नुसता घोडेस्वार नव्हता. भातवडीचा तलाव फोडणाराही तोच होता. ज्याला पाणी बांधता येते त्यालाच ते कुठे फोडायचे ते कळते.

त्या शहराची पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. फत्तेखानाने स्वतःच्या नावाने फत्तेनगर केले. १६५३ नंतर औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झाले. २०२३ पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. ज्याने ते वसवले त्याने शहराला स्वतःचे नाव दिले नव्हते. तिथला भडकल दरवाजा अजून उभा आहे, तो त्याने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. काळी मशीद त्याचीच. बाकी फार उरलेले नाही.

त्याची कबर खुलदाबादला आहे, दगडी, घुमटाची, शेजारी त्याची पत्नी बीबी करीमा हिची. त्याच गावात औरंगजेबाची कबर आहे आणि गर्दी, वाद, पोलीस बंदोबस्त सगळे तिकडे असते. अंबरच्या घुमटाकडे मी गेलो त्या दुपारी तिथे दोन शेळ्या आणि अभ्यास करत बसलेला शाळेतला एक मुलगा होता. मी विचारले, कोणाची रे ही कबर? म्हणाला, ‘मलिकंबर. त्याने पानी आणलं.’ लढायांचे त्याने काही सांगितले नाही.

वेरूळची लेणी पाहायला जाणाऱ्यांनी चार-पाच किलोमीटर वाकडी वाट करावी. वेरूळ म्हणजे भोसल्यांचे गाव, मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला ते. सकाळी तिथे दर्शन घेऊन दुपारपर्यंत खुलदाबादला पोहोचता येते. उन्हाळ्यात जाऊ नका, दगड फार तापतो. पावसाळ्यानंतर जा, तेव्हा डोंगर हिरवा असतो.